इंजिनाच्या तेलाचा हिशेब

पेट्रोलचा हिशेब बहुतेक सर्व वाहनधारक ठेवतात. लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली, हे त्यांना तोंडपाठ असते आणि त्यात थोडी घट झाली तरी ते अस्वस्थ होतात. परंतु त्याच गाडीच्या इंजिनाने गेल्या हजार किलोमीटरांत किती वंगणतेल खर्च केले, असे विचारल्यास त्यांच्यापैकी फार थोड्यांना उत्तर देता येईल. वास्तविक पेट्रोल संपले तर गाडी केवळ थांबते. तेल संपले तर इंजिन कायमचे निकामी होते. हा धोका सर्वच गाड्यांना आहे. मात्र अधिक शक्ती आणि अधिक वेग यांसाठी बांधलेल्या स्पोर्ट्स मोटारीत तो विशेष असतो, कारण अशा इंजिनात तेलाचा खप स्वभावतःच जास्त असतो आणि तेल कमी पडल्याची शिक्षा काही सेकंदांत मिळते. म्हणून प्रस्तुत प्रकरणात आपण तीन प्रश्नांचा विचार करू: तेल जाते कोठे, ते अचूक कसे मोजावे आणि मोजून मिळालेल्या आकड्याचा अर्थ काय लावावा.

तेल जाते कोठे?

इंजिनातील तेलाकडे चार कामे असतात. ते घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरते, त्या भागांची उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण धुऊन गाळणीपर्यंत पोहोचवते आणि पिस्टन व सिलिंडर यांच्यामधील सूक्ष्म फट बुजवून ज्वलनाचा दाब खाली निसटू देत नाही. यांपैकी शेवटचे काम करताना थोडे तेल जळणे अपरिहार्य आहे.

पिस्टनच्या वरच्या भागात सामान्यतः तीन कडी बसवलेली असतात; कारागीर त्यांना रिंग म्हणतात. वरच्या दोन रिंगांवर मुख्यतः दाब धरण्याची जबाबदारी असते, तर तिसरी रिंग सिलिंडरच्या भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली पाठवते. तथापि ती सर्वच तेल खरवडत नाही व तिने खरवडूही नये. कारण भिंत पूर्णपणे कोरडी झाली तर धातूवर धातू घासला जाईल. मागे राहिलेला हा थर इतका पातळ असतो की तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. ज्वलनाच्या ज्वाळेने त्यातील काही अंश प्रत्येक वेळी जळून जातो.

हा अंश किती असेल, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. समजा, सहा सिलिंडरांचे एक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी नेत आहे. हजार किलोमीटरांना दहा तास लागतील आणि तेवढ्या वेळात १८ लाख फेरे होतील. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. म्हणजे सहा सिलिंडर मिळून ५४ लाख ज्वलने झाली. एवढ्या प्रवासात अर्धा लिटर तेल खर्च झाले असे धरले, तर प्रत्येक ज्वलनाच्या वाट्याला घन मिलिमीटरचा सुमारे एकदशांश भागच येतो. मोहरीच्या दाण्याचे वीस तुकडे केले तर त्यातील एक तुकडा साधारणपणे एवढा असेल. तेलाचा अर्धा लिटर ऐकताना मोठा वाटतो. पण तो ज्या सूक्ष्म गळतीतून साचतो ती पाहिल्यास तेलाचा शून्य खप ही अपेक्षाच अवास्तव ठरते.

रिंगांखेरीज तेलाला आणखी वाटा आहेत. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे रबरी सील कडक झाले की डोक्यावरील तेल दांड्यावरून घरंगळून ज्वलनकक्षात उतरते. पिस्टनच्या कडेने खाली निसटणारे वायू तेलाची वाफ व तुषार घेऊन श्वासनळीवाटे पुन्हा आत शोषले जातात. टर्बोचार्जर असल्यास त्याचा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याच्या सीलमधूनही तेल झिरपू शकते. तप्त इंजिनात तेलाचे हलके घटक वाफ होऊन उडून जातात. तेलाचा हा गुण प्रयोगशाळेत २५० अंश सेल्सिअसला एक तास तापवून पाहतात, आणि प्रचलित मानकांनुसार चांगल्या तेलात ही घट सुमारे १३ ते १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. शेवटी उरते ती साधी गळती. ती ज्वलनाशी संबंधित नाही. पण मोजमापात मात्र तिचा आकडा मिसळतो.

वेगवान गाडीची विशेष भूक

येथे वाचकाच्या मनात असा प्रश्न येईल की, अधिक किमतीच्या व अधिक काळजीपूर्वक बांधलेल्या इंजिनाने तेल कमी खावयास हवे. मग ते जास्त का खाते?

त्याची कारणे रचनेतच आहेत. घर्षण कमी व्हावे म्हणून अशा इंजिनांत रिंगांचा ताण कमी ठेवतात; त्यामुळे शक्ती वाढते, परंतु तेल खरवडण्याचे काम सैल होते. प्रखर उष्णतेने पिस्टन फुगणार हे गृहीत धरून थंड अवस्थेत त्याच्याभोवती मोकळीक अधिक ठेवावी लागते. मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांवर भिंतींवर उडणारे तेलही वाढते. चालकाने वेगात असताना एकदम पाय काढला की आत येणाऱ्या हवेची वाट बंद होते, सिलिंडरमध्ये निर्वात निर्माण होतो आणि तो रिंग व व्हॉल्व्ह यांच्या फटींतून तेल वर ओढतो. तीव्र वळणावर तेल टाकीच्या एका बाजूस लोटले जाते आणि त्यातील काही श्वासनळीत शिरते. ज्या इंजिनांत सिलिंडर आडवे, परस्परांसमोर असतात, त्यांत गाडी उभी असताना थोडे तेल सिलिंडरमध्ये झिरपते. म्हणून अशी गाडी सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक लोट सोडते. तो लोट क्षणात विरला तर त्यात काळजीचे कारण नसते.

म्हणूनच कित्येक उत्पादक आपल्या पुस्तिकेत हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर, तर काही जण एक लिटरपर्यंतही खप ग्राह्य मानतात. मराठी वाचकाला याची तुलना जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरशी करता येईल. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर तेल मिसळून घालावे लागे. लिटरला वीस मिलिलिटर तेल धरले, तर पेट्रोलच्या पन्नासाव्या भागाइतके तेल जाणूनबुजून जाळले जाई. लिटरला दहा किलोमीटर जाणारी स्पोर्ट्स मोटार हजार किलोमीटरांत शंभर लिटर पेट्रोल व अर्धा लिटर तेल जाळते, म्हणजे तेलाचे प्रमाण दोनशेवा भाग होते. फरक एवढाच की स्कूटरला प्रत्येक वेळी नवे तेल मिळत असे. मोटारीत मात्र जळणारे तेल हे राखीव साठ्यातील असते आणि तो साठा भरावयाचा की नाही, हे चालकाने ठरवावयाचे असते.

मापनाची शिस्त

तेल मोजण्याचे साधन म्हणजे डिपस्टिक. तिच्यावर किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. दोहोंमधील अंतर पुष्कळ गाड्यांत सुमारे एक लिटरचे असते. तरी आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. अलीकडच्या काही गाड्यांत ही पट्टी काढून टाकलेली असून पातळी पडद्यावर दिसते. साधन कोणतेही असो, शिस्त एकच: प्रत्येक मोजणी सारख्याच परिस्थितीत झाली पाहिजे.

सारखी परिस्थिती कशासाठी, हे उष्णतेच्या परिणामावरून कळते. तेल तापले की प्रसरण पावते. एका अंशाला त्याचे आकारमान दहा हजारांत सुमारे सात भागांनी वाढते. शर्यतीच्या धर्तीवरील इंजिनात स्वतंत्र टाकी असून तीत आठ लिटर तेल आहे असे समजू. ते ३० अंशांवरून १०० अंशांवर गेले तर त्याचे आकारमान जवळजवळ चारशे मिलिलिटरांनी वाढेल. म्हणजे एकदा गरम व एकदा थंड इंजिनावर मोजणी केली, तर हजार किलोमीटरांच्या संपूर्ण खपाएवढी चूक केवळ मोजण्यातच होईल. हवेने थंड होणाऱ्या जुन्या पोर्श ९११ गाड्यांत तर इंजिन पूर्ण तापलेले, मंद गतीने चालू आणि गाडी सपाट जागेवर, अशाच स्थितीत पातळी पाहावी लागते. इतर गाड्यांत इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे लागते. आपल्या गाडीची रीत कोणती, हे पुस्तिकेत पाहून ती एकदाच ठरवावी आणि पुढे बदलू नये.

दुसरा नियम भरण्याविषयी आहे. डब्यातून अंदाजे तेल ओतणे हे हिशेबाच्या दृष्टीने निरुपयोगी होय. मिलिलिटरांच्या खुणा असलेल्या मापातून तेल घालावे, पातळी ठरलेल्या खुणेपर्यंत आणावी आणि किती घातले ते किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहावे. घातलेल्या तेलाला किलोमीटरांनी भागून हजाराने गुणले की खप मिळतो. काळजीपोटी कमाल खुणेच्या वर तेल भरणारे लोकही आढळतात. त्यामुळे फिरणारा क्रँकशाफ्ट तेलात बुडून फेस होतो, तो फेस श्वासनळीवाटे बाहेर पडतो आणि खप कमी होण्याऐवजी वाढतो.

चेन्नई ते पट्टीश्वरम्: एक उदाहरण

आता हा हिशेब प्रत्यक्ष प्रवासावर करून पाहू. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे आपल्याला परिचित असलेल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुंभकोणम् आहे आणि त्याच्या जवळच पट्टीश्वरम् हे गाव. तेथील धेनुपुरीश्वराच्या मंदिरातील दुर्गेच्या दर्शनास दुरून भाविक येतात. चेन्नईहून हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. दोन येरझारा केल्या की १,२०० किलोमीटर होतात. हा प्रदेश सपाट असल्यामुळे मोजणीसाठी समपातळीची जागा शोधण्याचीही अडचण नाही.

समजा, एखाद्या वाहनधारकाची स्पोर्ट्स मोटार एरवी चेन्नई शहरातच, दोन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांसाठी वापरली जाते. महिनाभरात डिपस्टिकवरील पातळी तसूभरही उतरलेली नाही, हे पाहून तो समाधानी आहे. मग मे महिन्यात, पारा ४० अंशांच्या आसपास असताना, तो पट्टीश्वरम् येथे जातो आणि मुक्कामी पोहोचून पाहतो तो पातळी अर्ध्यावर आलेली. एका दिवसात इंजिन बिघडले, असा निष्कर्ष तो काढील. परंतु तो बहुधा चुकीचा ठरेल. लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. न जळलेले थोडे पेट्रोल भिंतीवरून उतरून तेलात मिसळत राहते. खर्च झालेल्या तेलाची जागा हे पेट्रोल घेते आणि पट्टीवरची रेघ जागच्या जागी दिसते. लांबच्या प्रवासात तेल तापले की पेट्रोल उडून जाते व महिनाभराचा खरा खप एकाच दिवशी उघडा पडतो. शहरातील महिना वाटला तितका चांगला नव्हता आणि प्रवासाचा दिवसही वाटला तितका वाईट नव्हता. यावरून दिसून येते की एका मोजणीवर विश्वास ठेवू नये आणि मोजणीपूर्वी इंजिन नीट तापवून घ्यावे.

हाच वाहनधारक पुढे प्रत्येक दोन येरझारांनंतर नोंद ठेवू लागला, असे कल्पू. पहिल्या १,२०० किलोमीटरांत २४० मिलिलिटर, दुसऱ्या तितक्याच अंतरात पुन्हा २४०, तिसऱ्यात ३०० आणि चौथ्यात ४३२ मिलिलिटर तेल घालावे लागले. हजार किलोमीटरमागे हे आकडे अनुक्रमे ०.२०, ०.२०, ०.२५ व ०.३६ लिटर असे येतात. पुस्तिकेतील मर्यादा अर्ध्या लिटरची असेल तर चारही आकडे निर्दोष आहेत. तरीही चौथ्या आकड्यानंतर गाडी कारागिराला दाखवली पाहिजे. मर्यादा ही असंख्य इंजिनांसाठी एकच आखलेली रेषा आहे; या विशिष्ट इंजिनाचा स्वभाव ०.२० चा होता आणि तो बदलला, ही वार्ता केवळ वहीच देऊ शकते. उलट, नव्या इंजिनात आरंभी ०.४० असलेला खप काही हजार किलोमीटरांनंतर ०.२० वर आला, तर रिंग सिलिंडरला नीट बसल्या असे समजावे.

धुराची भाषा

खप वाढला हे कळल्यावर कारण शोधावयाचे असते. सर्वप्रथम गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा ठेवावा. त्यावर डाग पडले तर गळती आहे. गळती नसेल तर धूर पाहावा. निळसर धूर तेलाचा, काळा धूर जादा इंधनाचा, आणि दाट पांढरा, न विरणारा धूर पाण्याचा असतो. रात्रभर उभी राहिल्यानंतर सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलांवर संशय घ्यावा. वेगातून पाय काढून पुन्हा दाबताना येत असेल तर व्हॉल्व्हच्या गाइडवर, आणि जोर देताना सतत येत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा.

संशयाची खात्री दाब मोजून होते. सिलिंडरमधील दाब कमी भरला, तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर तेलाने रिंगांची फट बुजवली, म्हणजे दोष रिंगांचा. वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. इंजिन खोलण्यापूर्वीची ही साधी परीक्षा मोठा खर्च वाचवू शकते, कारण सील बदलणे आणि संपूर्ण इंजिन बांधणे यांत फार अंतर आहे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. चालकासमोरील तेलाच्या किटलीचे लाल चिन्ह पेटले नाही, म्हणजे तेल पुरेसे आहे, असे पुष्कळांना वाटते. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा आहे. पातळी घटत असताना तो स्वस्थ असतो. वेगात घेतलेल्या वळणावर तेल बाजूला सरून पंपाच्या तोंडाशी हवा आली की तो क्षणभर लुकलुकतो. पण तेवढ्यात क्रँकशाफ्टची बेअरिंगे कोरडी पडून गेलेली असतात. दिवा पेटला तर इंजिन ताबडतोब बंद करावे, हे खरे. परंतु तो पेटण्याची वाट पाहणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

शर्यतीचे मैदान आणि शेतातील पंप

तमिळनाडूला मोटारशर्यतींची जुनी परंपरा आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला. शोळावरम् येथील दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती झाल्या आणि १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतंत्र मार्ग तयार झाला. शर्यतीत एका गाडीचे सांडलेले तेल मागून येणाऱ्या सर्वांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून श्वासनळीतून येणारे तेल साठवणारे भांडे गाडीत बसवावे लागते आणि मार्ग निसरडा झाल्याची सूचना पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या निशाणाने देतात.

शर्यतीच्या सर्वोच्च पातळीवर तेलाच्या खपाला एक निराळेच वळण लागले. फॉर्म्युला वनमध्ये इंधनाच्या प्रवाहावर मर्यादा आल्यानंतर काही संघ मुद्दाम तेल जाळून जादा शक्ती मिळवितात, असा संशय निर्माण झाला. तेव्हा नियामक संस्थेने तेलाच्या खपावरच मर्यादा घातली: २०१८ मध्ये १०० किलोमीटरमागे ०.६ लिटर आणि २०२० पासून ०.३ लिटर. जो आकडा सामान्य चालक पाहतही नाही, त्यावर तेथे शर्यतीचा न्याय अवलंबून राहिला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शेतातील पंपाचे डिझेल इंजिन आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांमुळे अशी इंजिने देशभर पोहोचली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणावर अवलंबून आहे. धरणाचे पाणी सोडण्याचा परंपरेने ठरलेला दिवस १२ जून. पाणी लांबले की कुरुवै हंगामाच्या रोपांना विहिरीच्या पाण्याचाच आधार उरतो. अशा वेळी पंप तासन्‌तास चालतो. त्याला किलोमीटर नसतात. म्हणून तेलाचा हिशेब तासांवर करावा लागतो. शंभर तासांमागे किती तेल घातले याची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्याला, हंगामाच्या आधी रिंग बदलाव्यात की हंगाम निभावेल, हे ठरविता येते. नोंद नसेल तर तो निर्णय इंजिनच करते, आणि तेही रोपे तहानलेली असताना.

जळालेल्या तेलाचा भुर्दंड इंजिनापुरता राहत नाही. तेलातील जस्त व फॉस्फरस धुरावाटे उत्प्रेरकावर थर धरतात आणि विषारी वायूंचे रूपांतर करण्याची त्याची शक्ती हळूहळू मंदावते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ची कडक मानके लागू झाली आहेत. तेल जाळणारे इंजिन त्या मर्यादांत फार काळ राहू शकत नाही.

सारांश, तेलाच्या निरीक्षणासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. सपाट जागा, ठरलेली रीत, खुणांचे माप आणि एक वही एवढी सामग्री पुरते. पहिल्या दोन-तीन नोंदींतून आपल्या इंजिनाचा स्वभाव कळतो आणि पुढील प्रत्येक नोंद त्या स्वभावाशी ताडून पाहता येते. आकडा स्थिर असेल तर तो कितीही मोठा वाटला तरी, पुस्तिकेच्या मर्यादेत असेपर्यंत, घाबरण्याचे कारण नाही. आणि तो सतत चढत असेल तर तो कितीही लहान असला तरी दुर्लक्ष करू नये.